पाणीबाईची खुर्ची

मिशनच्या शाळेत नव्याने आलेल्या पालकांची एक चूक ठरलेली असे. 'पाणीबाई' हे नाव कानावर पडलं की त्यांना वाटायचं, ही बाई मुलांना पाणी पाजत असणार. मग एखादे गृहस्थ तिला जिन्यात गाठून सांगायचे, "अहो, मागच्या नळाची तोटी गळतेय." ती म्हणायची, "प्लंबरला सांगा. मी पाणी देणारी नाही, मागणारी आहे." गृहस्थ गोंधळून निघून जायचे. तिला असा गोंधळ उडवून द्यायला आवडायचं. अंगात थोडा खट्याळपणा होता, आणि तो एकतीस वर्षांच्या नोकरीत टिकून राहिला होता, हे विशेष.

ती आली तेव्हा शाळा म्हणजे मिशनच्या प्रार्थनागृहामागची पडवी होती. एकोणीस मुलं, एक फळा, आणि शिकवायला मिशनचे संन्यासी, थोरले महाराज. भगव्या कफनीची बाही कोपरापर्यंत सारून ते खडू धरत, त्यामुळे दिवस संपेपर्यंत त्यांची अर्धी कफनी पांढरी झालेली असे. पाणीबाई तेव्हा चोवीस वर्षांची होती. नवरा गेलेला, कडेवर दीड वर्षाचा मुलगा. झाडलोटीच्या कामावर लागली होती. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी हजेरी घेताना पाच नावांना उत्तर आलं नाही. महाराजांनी वही मिटली आणि म्हणाले, "बाई, झाडू ठेवा. जरा बघून या."

"जाऊन काय विचारू?"

"काही विचारू नका. मूल का आलं नाही असं विचारलं की माणूस खोटं बोलतो, आणि त्याला खोटं बोलायला लावल्याचं पाप आपल्या माथी बसतं. नुसतं पाणी मागा. पाणी मागणाऱ्याला कोणी दारातून हाकलत नाही. भांडं भरून येईपर्यंत घरात काय चाललंय ते दिसतंच."

ही झाली तिच्या कामाची सुरुवात. मग रोज प्रार्थना संपली की ती गैरहजर मुलांची नावं घेऊन निघायची, दारात उभी राहून पाणी मागायची, उंबऱ्यावर टेकून अर्धं प्यायची आणि उरलेलं अर्धं संपेपर्यंत गप्पा मारायची. तेवढ्यात सगळं कळायचं. एका मुलाचा एकुलता एक गणवेश ओला असायचा. एकीला आईने खाटेच्या पायाला बांधून ठेवलेलं असायचं, कारण आईला कामावर जायचं असे आणि मूल रस्त्यावर पळत असे. एकदा एका बहाद्दराने स्वतःच दार उघडून सांगितलं, "आई म्हणालीय, मी घरी नाही." पाणीबाई त्याला म्हणाली, "बरं, तू आलास की सांग, पाणीबाई येऊन गेली." अर्ध्या तासाने पोरगा दप्तर घेऊन पडवीत हजर!

सकाळी दहा-बारा घरं म्हणजे दहा-बारा पेले पाणी. तेवढं पाणी पोटात गेल्यावर पुढे काय होतं, याचा विचार थोरल्या महाराजांसारख्या विरक्त माणसाने केला नव्हता. तो तिला करावा लागला. कोणत्या गल्लीत कोणाकडे न लाजता मोरीत जाता येतं, याचा नकाशा तिच्या डोक्यात पक्का होता.

थोरल्या महाराजांचा आणखी एक नियम होता: नाव कमी करायचं नाही. मूल महिनाभर आलं नाही, सहा महिने आलं नाही, तरी हजेरीत त्याचं नाव रोज पुकारायचं. पडवीच्या शेवटच्या रांगेत बसून पाणीबाई याच हजेरीच्या वहीवर अक्षरं ओळखायला शिकली. तिला पहिल्यांदा वाचता आलेले शब्द म्हणजे न आलेल्या मुलांची नावं.

शाळा वाढली. चांगली शाळा वाढतेच, त्यात कोणाचा दोष नाही. पडवीच्या चार खोल्या झाल्या, खोल्यांवर मजला चढला, मागच्या लाकडाच्या वखारीची जागा मिशनला मिळाली आणि तिथे तीन मजली इमारत उभी राहिली. थोरले महाराज थकले आणि गेले. त्यांच्यानंतर मिशनने दर पाच-सहा वर्षांनी नवे महाराज पाठवले. प्रत्येकजण सज्जन होता, आणि प्रत्येकाने जाताना मागे एक नवी भिंत ठेवली. तीनशे मुलं झाली तेव्हा ठरलं की पहिल्याच दिवशी घरी जायला नको, तीन दिवस वाट पाहू. सातशे झाली तेव्हा पाणीबाईच्या हाताखाली दोन बायका दिल्या. त्यांतली एक महिन्यात सोडून गेली. दुसरी पाणी मागायच्या ऐवजी चहा मागायला लागली, म्हणून तिला वाचनालयात पाठवलं. सोळाशे मुलं झाली तेव्हा पाणीबाईला मुलांची घरातली लाडाची नावं आठवेनाशी झाली. आधी ती 'पाण्याचं पिंप लपवणाऱ्याची धाकटी' किंवा 'बोळातला तोतरा' म्हणून मुलं ओळखायची. आता 'चौथी क, अठरा' असं म्हणायला शिकली.

मग इंजिनिअर महाराज आले. संन्यास घेण्याआधी ते मोठ्या कारखान्यात होते, म्हणून हे नाव. बोलायला अगदी मऊ माणूस. आल्यावर पंधरवड्यातच त्यांनी पाणीबाईला जिना चढताना पाहिलं. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती चढत होती. त्यांना इतकं वाईट वाटलं की ते स्वतः खाली आले.

"बाई, किती वर्षं चालताय?"

"मोजली नाहीत महाराज. गुडघ्याने मोजलीत."

दुसऱ्या सोमवारी सगळ्या शाळेसमोर तिला उभं करून महाराजांनी दहा मिनिटं तिचं कौतुक केलं आणि सोळाशे मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाणीबाईला रडू आवरेना. त्यानंतर तिला कार्यालयात खिडकीजवळ एक खुर्ची मिळाली. चाकांची होती. पहिल्या दिवशी ती बसायला गेली आणि खुर्ची मागे पळून भिंतीवर आदळली, म्हणून तिने चाकामागे एक वीट लावून ठेवली. समोर संगणकाचा पडदा. रोज सकाळी आठ दहाला यंत्र आपोआप गैरहजर मुलांच्या घरी फोनवर संदेश पाठवायचं: आपला पाल्य आज शाळेत आलेला नाही. आजारी असल्यास एक दाबा, बाहेरगावी असल्यास दोन, शाळेकडे निघाला असल्यास तीन. उत्तर आलं की पडद्यावर नावापुढे आकडा उमटायचा. पाणीबाईने फक्त आकडा न आलेल्यांना फोन करायचा. काम अकराला संपायचं.

तिथेच पलीकडच्या टेबलावर बसायचे टाचणी. शाळेचे कारकून. अंगाने तसेच, जिभेनेही तसेच, आणि कुठलेही दोन कागद दिसले की टोचून एकत्र करण्याची सवय. प्रवेशाची प्रतीक्षा यादी त्यांच्याकडे असायची. एका वर्गात चाळीसच मुलं, असं वरून आलेलं बंधन होतं. तपासणीला आलेले साहेब बाकं मोजून जात. बाहेर ताटकळणारी मुलं मात्र वर्गागणिक दीडशे. म्हणून पंधरा दिवस शाळेत न आलेल्या मुलाचं नाव आता कमी होत असे आणि यादीतल्या पहिल्या नावाला जागा मिळत असे. थोरल्या महाराजांचा नियम कोणी मोडला नव्हता. तो नुसता मागे राहून गेला होता.

आता तिच्या घरचं सांगायला हवं, कारण गोष्ट तिथेच अडकलेली आहे.

कडेवरचा तो दीड वर्षाचा मुलगा मोठा होऊन वायरमन झाला. त्याची मुलगी आठ वर्षांची. एका जागी म्हणून टिकत नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरीची शाळा दोन रस्ते ओलांडून होती. नव्वद मुलांना एक मास्तर, आणि ते मास्तरही एक दिवसाआड. मिशनच्या शाळेत पहिलीला चिठ्ठ्या टाकून प्रवेश देत. भिंगरीची चिठ्ठी निघाली नव्हती. मुलगा म्हणाला होता, "महाराजांना एक शब्द टाक. एवढी वर्षं घासलीस त्यांच्याकडे." पाणीबाई म्हणाली होती, "तिथे वशिला चालत नाही." तेव्हापासून घरात हा विषय निघाला की मुलगा म्हणायचा, "दिव्याखाली अंधार," आणि पंखा दुरुस्त करायला निघून जायचा. पण नाव यादीत होतं. वर्षामागून वर्ष वर सरकत ते तिसरीच्या यादीत पहिलं आलं.

आणि तिसरी ब मध्ये सत्तावीस नंबरची मुलगी यायची बंद झाली.

पाणीबाईच्या लक्षात आलं ते नवव्या दिवशी. पहिले तीन दिवस नावापुढे एक. चौथ्या दिवसापासून रोज दोन. यंत्राच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. उत्तर आलंय, फोन करायची गरज नाही. पण पाणीबाईने उत्तराची वेळ पाहिली. आठ अकरा, आठ अकरा, आठ दहा, आठ अकरा. संदेश पोचल्या मिनिटाला कोणीतरी बोट दाबत होतं. बाहेरगावी गेलेला माणूस असा फोन हातात धरून बसत नाही, आणि आजारी मूल चौथ्या दिवशी उठून गावाला जात नाही. एकतीस वर्षं दारात उभी राहिलेल्या बाईला हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. त्या घरात काहीतरी बिनसलं होतं. पूर्वीची पाणीबाई असती तर तिथल्या तिथे चप्पल घालून निघाली असती.

ती उठलीसुद्धा. खुर्चीच्या हाताला धरून अर्धी उभी राहिली. आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात आकडा आला: अजून सहा दिवस.

ती परत बसली. गुडघा दुखत होता, हे खरं होतं. पण गुडघा कालही दुखत होता.

ते सहा दिवस तिने कसे काढले हे तिलाच ठाऊक. काही करत नव्हती, नुसती बसत होती, आणि त्याचंच ओझं झालं होतं. ती स्वतःला समजवायची: मी थोडीच कोणाचं नाव काढतेय? नियम महाराजांचा, यादी टाचणींची, दोन आकडा त्या घराचा. असेलही गेलेलं माणूस गावाला. मग ती घरी यायची आणि भिंगरी तिच्या मांडीवर डोकं ठेवून विचारायची, "आजी, आज मास्तर आले नाहीत. पुढचा धडा तू वाचशील?" आणि पाणीबाई बोट ठेवून अडखळत वाचायची. तिला मुळात तेवढंच येत होतं.

बाराव्या दिवशी तिसरी ब च्या वर्गशिक्षिका कार्यालयात आल्या. कोवळ्या वयाच्या, जाड चष्म्याच्या, नोकरीचं पहिलंच वर्ष.

"आजी, माझ्या सत्तावीस नंबरचं काही कळलं का हो? हुशार आहे मुलगी. अशी राहत नाही कधी."

आता खरं तर देवानेच ताट वाढून समोर ठेवलं होतं. 'मला शंका आहे, जाऊन बघू या' एवढं म्हणायचं होतं. पाणीबाईने पडद्याकडे बघत म्हटलं, "बाहेरगावी गेलेत म्हणे."

"हो का? मग बरं," म्हणून त्या गेल्या.  नोकरीत पाणीबाई पहिल्यांदा खोटं बोलली होती, आणि तेही इतक्या सहज की कोणाला संशयसुद्धा आला नाही.

पंधरावा दिवस शनिवारी आला. साडेअकराला टाचणींनी दोन कागद टोचले आणि मान वर करून म्हणाले, "पाणीबाई, तोंड गोड कधी करताय? तुमची नात सोमवारपासून आमची."

घरी जो आनंद झाला तो काय सांगावा. मुलाने तिच्या पायाला हात लावला. लग्नानंतर पहिल्यांदाच. रविवारी त्याने बुटांना तीनदा पॉलिश केलं. सुनेने गणवेशाची उंची चार बोटं कमी केली. भिंगरी आरशासमोरून हलेना. ज्या मुलीला एका जागी उभं करायला घरातले हरले होते ती पंधरा मिनिटं निश्चल उभी होती. पाणीबाईने ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. सून म्हणाली, "आई, आनंदाने पोट भरलं वाटतं." ती हसली. पोट कशाने भरलंय हे सांगण्यासारखं नव्हतं.

सोमवारी भिंगरी सत्तावीस नंबरच्या बाकावर बसली. मंगळवारी तिला प्रार्थनेचा पहिला श्लोक पाठ झाला. बुधवारी पाणीबाईने अकरा वाजता पडदा बंद केला, फाईलमधून एक पत्ता कागदावर उतरवून घेतला आणि ती निघाली. तिने मनाची अशी समजूत घातली होती की घराला कुलूप असेल. कुलूप बघायचं आणि परत यायचं. मग झोप तरी लागेल.

सिमेंटचे पाईप बनवणाऱ्या कारखान्यामागे कामगारांच्या खोल्यांच्या चार रांगा होत्या. तिथे उतरायला चाळीसएक पायऱ्या, कठडा नाही. ती भिंतीला हात लावत बाजूने, खेकड्यासारखी उतरली. तिसरी रांग, निळं दार. कुलूप नव्हतं. दार अर्धवट उघडंच होतं आणि आत कोणीतरी भांडी घासत होतं.

"थोडं पाणी मिळेल का गं?"

भांड्यांचा आवाज थांबला. ओल्या हातांची आठ वर्षांची मुलगी दारात आली. तिने पाणीबाईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि वळून आत ओरडली, "आई, आल्या! त्या आल्या!"

आत खाटेवर मुलीची आई उताणी पडलेली होती. कारखान्यात पाईपांच्या ढिगावरून घसरून कंबरेवर आपटली होती. डॉक्टरांनी दीड महिना हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. नवरा दूर कुठे पूल बांधायच्या कामावर. दोन महिन्यांतून एकदा येणारा. त्याला कळवलं होतं, पण मुकादम सोडत नव्हता. खोली झाडलेली होती, कपड्यांच्या घड्या होत्या, शेगडीवर झाकण ठेवलेलं पातेलं होतं. हे सगळं त्या आठ वर्षांच्या हातांनी केलं होतं. खिळ्याला गणवेश लटकत होता, इस्त्री केलेला.

"बाई, केवढ्या म्हाताऱ्या झालात," खाटेवरची बाई म्हणाली. "मला ओळखलं नसणार तुम्ही. आम्ही वखारीशेजारी राहायचो. माझा धाकटा भाऊ सांभाळायला मला घरी ठेवायचे आणि तुम्ही यायचात. एका वर्षात नऊदा आलात. शेवटी माझा बाप वैतागून म्हणाला, जा बाई शाळेत, नाहीतर ही आपली विहीर आटवेल."

पाणीबाईला ती आठवली नाही. तिने खूप आठवून पाहिलं. नऊदा गेली होती आणि चेहरा आठवत नव्हता.

"म्हणून हिला मी सांगितलं," आई पुढे म्हणाली, "फोन आला की एक दाब. आजारी म्हटलं की पाणीबाई बघायला येतात. त्या आल्या की काहीतरी मार्ग निघेल."

"तीन दिवस एक दाबलं," मुलगी म्हणाली. "तर फोनवर आलं, 'लवकर बरे व्हा.' तिन्ही दिवस तेच आलं. तुम्ही नाही आलात. मग मी दोन दाबून बघितलं. दोन दाबल्यावर 'प्रवास सुखाचा होवो' येतं." तिने ओले हात फ्रॉकला पुसले. "तीन नाही दाबलं. तीन दाबलं असतं तर खोटं झालं असतं ना?"

पाणीबाई उंबऱ्यावर बसली.  मुलीने आणून दिलेला पाण्याचा पेला तिने तसाच बाजूला ठेवला. ही पोर रोज सकाळी आठला फोन हातात धरून बसत होती, संदेश आला की त्याच मिनिटाला दाबत होती, आणि पलीकडे खिडकीजवळ बसून पाणीबाई ते मिनिट बघत होती. बघून दिवस मोजत होती.

"सोमवारपासून मी येते," मुलगी सांगत होती. "पलीकडच्या काकूंची रात्रपाळी लागली, आता त्या सकाळी आईजवळ बसतील. माझा किती अभ्यास बुडाला असेल हो? बाई रागावल्यात का?"

"नाही गं. त्या विचारत होत्या तुला."

हे मात्र खरं होतं, आणि ते बोलताना तिला सर्वांत जास्त लाज वाटली. नाव कमी झालं आहे हे सांगायला तिची जीभ उचलली नाही. तिने पलीकडच्या काकूंचं दार ठोठावलं, सकाळच्या वेळा पक्क्या करून घेतल्या, रांगेच्या टोकाला राहणाऱ्या चौकीदाराच्या बायकोला संध्याकाळचा स्वयंपाक गळ्यात घातला. वीस मिनिटांत सगळं जमून गेलं. पहिल्या दिवशी आली असती तरी वीसच मिनिटं लागली असती.

इंजिनिअर महाराजांच्या खोलीत ती चपला न काढताच शिरली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"चूक झाली," ते म्हणाले. "मोठी चूक झाली. पण आता त्या जागेवर दुसरं मूल बसलंय, बाई. त्याचा काय दोष? आणि एक्केचाळिसावं बाक मला ठेवता येत नाही. पुढच्या महिन्यात तपासणी आहे, मान्यतेवर गदा येईल. पुढच्या वर्षी मी तिला सर्वांत आधी—"

"ते दुसरं मूल माझी नात आहे."

 महाराजांना हे ठाऊक नव्हतं. यादी त्यांनी कधी पाहिलेली नव्हती.

"मला नवव्या दिवशीच कळलं होतं," पाणीबाई म्हणाली. "आकडे बघून कळलं. मी उठले आणि परत बसले. बाराव्या दिवशी त्या वर्गाच्या बाईंशी खोटं बोलले. माझ्या नातीचं नाव काढा, महाराज, आणि तिचं परत लावा. आज लावा. सोमवारी ती येणार आहे, तिला काही कळायला नको."

 महाराज म्हणाले, "तुम्हाला खुर्चीवर मीच बसवलं."

"तुम्ही बसवलंत. उठले नाही ती मी."

त्यांनी टाचणींना बोलावून कागद करवून घेतला. तिला निरोप देताना धीर द्यावा म्हणून म्हणाले, "तुमची नात यादीत पहिलीच राहील. कोणाची जागा रिकामी झाली की लगेच." पाणीबाईला क्षणभर बरं वाटलं. मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तिला उमगलं की यापुढे रोज सकाळी आपण कुठल्यातरी घरातलं मूल न येण्याची वाट बघणार, आणि तिला स्वतःच्याच मनाची किळस आली. ती कठड्याला टेकून उभी राहिली. मधली सुट्टी झाली होती. मुलं तिच्या दोन्ही बाजूंनी धडधडत उतरत होती आणि त्यांतलं एकही तिला नावाने ओळखता येत नव्हतं.

संध्याकाळी घरी तिने एकही गोष्ट लपवली नाही. मुलगा ऐकत होता, हातातला पेचकस फिरवत.

"म्हणजे सगळ्या गावाची पोरं घराघरांतून ओढून आणलीस," तो शेवटी म्हणाला, "आणि आपली एक होती, ती हाताला धरून बाहेर काढलीस."

"ती जागा आपली नव्हती रे."

"मग घेतलीस कशाला? आधीच नको म्हणायचंस. तीन दिवस पोरीला बसवलंस कशाला तिथे?"

तो बरोबर बोलत होता. पहिल्याच दिवशी नाही म्हणणं वेगळं, आणि मुलीला श्लोक पाठ झाल्यावर उठवणं वेगळं. सुनेने गणवेश घडी करून पेटीत ठेवला. उंचीची दुमड तिने उसवली नाही. मुलगा ताट तसंच सोडून उठला, आणि त्यानंतर बरेच दिवस आईशी कामापुरतं बोलला, तेही सुनेमार्फत.

सोमवारी पाणीबाईने खुर्ची टाचणींच्या टेबलामागे ढकलून दिली आणि महाराजांना सांगितलं, "यंत्र राहू दे तुमचं, ते चांगलं आहे. एक दाबणाऱ्यांची घरं तेवढी माझ्याकडे द्या. जेवढी होतील तेवढी करीन." त्यांनी नको म्हटलं नाही. एक जाड काठी मात्र स्वतः आणून दिली.

मंगळवारी शाळेतून नावांचा कागद घेऊन ती वाटेत घरी डोकावली आणि पुन्हा निघत होती. मुलगा कामावर गेला होता. भिंगरी दारात चौकटीला टेकून उभी होती, जुन्या शाळेचा फ्रॉक घालून. दप्तर पाठीला नव्हतं. मास्तर आज यायचे नव्हते. आजीच्या काठीकडे, मग हातातल्या कागदाकडे तिने बघून घेतलं.

"आजी, हे सगळे आज शाळेत आले नाहीत?"

"नाही आले."

"मग तू त्यांच्याकडे जाऊन बघणार, ते का आले नाहीत?"

"हो."

भिंगरीने थोडा विचार केला. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. तिला खरोखरच ते माहीत करून घ्यायचं होतं.

"मी पण नाही गेले. मग माझ्याकडे कोण येणार?"

पाणीबाई काठी धरून उभी राहिली.  तिने नातीच्या केसांवरून हात फिरवला आणि कागद उघडून पाहिला. कागदावर सात नावं होती आणि पहिलं घर लांब होतं.